धावपट्टीच्या कडेचं घर

दसरा उलटला की कारंज्याच्या महामार्गावर पट्टे मारणारी माणसं येतात. पावसाने धुऊन गेलेल्या रेघा पुन्हा पांढऱ्या करतात. एक गाडी, तिच्यामागे चालणारी माणसं आणि सगळ्यांत मागे लाल झेंडी धरून उभा असलेला एक कंटाळलेला जीव. ट्रकवाले त्यांना शिव्या घालत बाजूने निघून जातात. माझं शिवणकामाचं दुकान रस्त्याला लागूनच आहे. त्या रंगाचा उग्र वास आत शिरला की माझं कात्रीवरचं लक्ष उडतं. काल एका बाईच्या ब्लाउजची बाही मी उलटी जोडली. ती म्हणाली, "काऊन वं ताई, तब्येत बरी नाई का?" मी म्हटलं, "वास डोक्यात चढला." ते काही अगदीच खोटं नव्हतं.

कोणाला फोडणीच्या वासाने आईचं घर आठवतं, कोणाला मोगऱ्याने लग्न आठवतं. मला रंगाच्या डब्याने एक ऑक्टोबर आठवतो. ज्याचं त्याचं नशीब. त्या वर्षी मी नवऱ्याचं घर सोडून माहेरी येऊन बसले होते आणि परत जायचं की नाही हे माझं मलाच ठरत नव्हतं. भांडण झालं नव्हतं. दारू नाही, मारझोड नाही, सासूचा जाच नाही. चार माणसांत सांगावं असं कारणच माझ्यापाशी नव्हतं. बाईने घर सोडायचं तर निदान एक धड कारण तरी हाताशी असावं!

तळेगाव सोडून आत वळलं की एक उघडा माळ लागतो. त्या माळावर लष्कराची एक जुनी धावपट्टी आहे. वेळ पडली तर असावी म्हणून राखलेली. वर्षाकाठी कधीतरी एखादं विमान येतं, क्षणभर चाकं टेकवतं आणि उडून जातं. कधी कधी तर नुसतं वरून फिरून जातं, टेकतही नाही. पण पट्टी मात्र रोज तयार लागते. आमचे हे तिथे देखभालीच्या कामावर. काँक्रीटच्या फरशा, त्यांच्यामधले सांधे आणि वरच्या रेघा, हा त्यांचा संसार. पाहुणा यायचा नाही हे ठाऊक असून रोज अंगण सारवायचं, तसं ते काम. पण ह्यांच्या तोंडून मी कधी तक्रार ऐकली नाही. उलट कोणी "तिथं इमान तं उतरतच नाई" असं म्हटलं की ह्यांचं तोंड पडायचं.

बाकीची वस्ती पार दुसऱ्या टोकाला, फाटकाजवळ होती. आमचं घर ह्या टोकाला. रंगाचे डबे, डांबर, दोऱ्या ठेवायची कोठी इथे होती, आणि कोठीच्या शेजारी माणूस असलेला बरा म्हणून हे क्वार्टर आम्हाला मिळालं. सामानाच्या सोयीने माणसं ठेवली होती. घरापुढे ना झाड, ना विजेचा खांब. उंच काही नकोच असतं तिथे. लग्नाआधी मी कारंज्यात हमरस्त्याच्या कडेला वाढलेली. रात्रंदिवस ट्रकांचा धडधडाट ऐकत झोपलेली पोर. ह्या माळावर पहिल्या रात्री मला शांततेनेच जाग आली होती.

ऑक्टोबर आला की मात्र ह्यांच्या अंगात यायचं. पाऊस थांबलेला, ऊन कडक पण कोरडं, सकाळचं दव उडालं की फरशी रंगाला तयार. आधी पावसात सांध्यांमधून उगवलेलं गवत उपटायचं, मग सांधे खरवडून त्यांत गरम डांबराचा मसाला भरायचा, मग खडूची पूड लावलेली दोरी ताणून फटकारायची आणि तिच्या खुणेवर रंग चढवायचा. रंग ओला असतानाच त्यावर काचेची बारीक पूड टाकायची, म्हणजे दिव्यात रेघ चमकते. टोकाला दोन आकडे. एकेक आकडा आमच्या घराहून लांब. मी ओसरीतून बघायचे तर मला आकडा कधी दिसलाच नाही. नुसते पांढरे डाग दिसायचे. मी एकदा विचारलं तर हे म्हणाले, "तो आपल्यासाठी नाई. वरून येणाऱ्याले वाचता येते."

"तुमी वाचला का कधी?"

"मी कसा वाचीन? मी तं खालीच राह्यतो."

मला तेव्हा हसू आलं होतं. माणूस आयुष्यभर एक अक्षर गिरवतो आणि ते त्याला स्वतःला कधी दिसत नाही.

गवत उपटायला जवळच्या पाड्यावरच्या गोंड बाया यायच्या. त्यांच्या हातात वाकड्या टोकाची सळई, डोक्यावर पदर आणि आपसांत त्यांची गोंडी बोली. उकिडव्या बसून त्या सांध्यामागून सांधा पुढे सरकत जायच्या. दिवसभर त्यांचं हसणं वाऱ्यावरून माझ्यापर्यंत यायचं. ते काय बोलतात हे कळत नसे, पण कोणी तरी कोणाची थट्टा करतंय एवढं कळायचं आणि त्याचा मला हेवा वाटायचा. त्यांच्यातली फुलाबाई पाणी प्यायला म्हणून आमच्याकडे यायची. तहान लागो न लागो, यायची. येताना ओच्यात दोन सीताफळं असायची. एकदा ती उंबऱ्यात बसून घरभर नजर फिरवून म्हणाली, "एवढी भांडी घासून ठेवतं, घर लखलखीत ठेवतं. येते कोन तुह्याकडे?"

"तू येतं ना," मी म्हटलं.

"मी तं पान्यासाठी येतो," ती म्हणाली आणि दोघी हसलो. ती गेल्यावर सीताफळाच्या बिया मी दुपारभर एकेक करून अंगणात फेकत बसले.

वर्षातून एक दिवस मात्र माझ्या आवडीचा असायचा. मोठे साहेब तपासणीला यायच्या आधी सगळ्यांनी मिळून पट्टीवरचे खडे वेचायचे. एक बारीक खडा इंजिनात ओढला गेला तर विमानाचा घात होतो म्हणे. म्हणून शिपाई, कारकून, आचारी, घरच्या बाया, सगळे हाताच्या अंतराने एका ओळीत उभे राहायचे आणि माना खाली घालून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे. दिसेल तो खडा, खिळा, काडी पिशवीत टाकायची. वर बघायचं नाही, बोलायचं नाही. ऐकणाऱ्याला वाटेल, ह्यात आवडण्यासारखं काय? पण माझ्या उजवीकडे माणूस असायचं, डावीकडे माणूस असायचं. त्यांची पावलं ऐकू यायची. टोकाला पोचलं की सगळ्यांना चहा-भजी मिळायची. मी मुद्दाम हळू चालायची. त्यामुळे सगळी ओळच हळू चालायची आणि हवालदार ओरडायचा.

त्या वर्षी जूनमध्ये आमचा मुलगा कॉलेजसाठी नागपूरला गेला. तो होता तोवर घरात त्याच्या चपलांचा, मोबाइलचा, भूक लागल्याचा आवाज तरी होता. तो गेला आणि आषाढ-श्रावण मी त्या माळावर पाऊस बघत काढला. पुढे ऊन पडलं तेव्हा टिटव्या आल्या. टिटवी ओरडली की लोक अशुभ म्हणतात. मी तिला उत्तर द्यायला लागले होते. ती "टिटिव टिव" म्हणायची, मी "काय झालं वं?" म्हणायची.

एका संध्याकाळी हे जेवायला बसले आणि सांध्यांविषयी सांगायला लागले. फरशा एकमेकींना चिकटवून टाकल्या तर उन्हात फुगतात, एकमेकींना ढकलतात आणि फुटून वर येतात. म्हणून मध्ये फट ठेवावीच लागते. "पन फट मोकळी सोडली तं तिच्यात पानी जाते. ठेवा बी लागते, भरा बी लागते," हे म्हणाले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर माझा आवाजच फुटला नाही, घोगरा खर्र निघाला. सकाळपासून मी एक शब्द बोलले नव्हते. ह्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि सांध्याचं बोलणं पुढे चालू ठेवलं. मला रडूही आलं नाही. मी फक्त ठरवलं की आता इथून निघायचं.

नवरात्राच्या ब्लाउजांचं काम दादाच्या गल्लीत भरपूर मिळतं, असं निमित्त सांगून मी शिलाई मशीन घेऊन कारंज्याला आले. ह्यांनी मशीन स्वतः खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणली, बसमध्ये चढवली. मला वाटलं, आता विचारतील, कधी येतं म्हणून. हे म्हणाले, "पट्टा काढून ठेवला ना? नाईतं धक्क्यानं तुटन." बस सुटली. खिडकीतून मी मागे बघितलं नाही, पण कान मागेच होते.

माहेरी काय, दादा भला, वहिनी भली. गल्ली गजबजलेली. पिठाच्या गिरणीचा आवाज, शाळेची पोरं, शेजारणीच्या घरचं सोयाबीन वाळत घातलेलं, संत्र्याच्या गाड्या. मी ज्याला आसुसले होते ते सगळं तिथे होतं. आणि तरी तिथे मी आणखीच एकटी पडले. माळावर निदान एकटेपणाला जागा होती. इथे माणसांच्या गर्दीत तो लपवून ठेवावा लागे. वहिनी रोज काही विचारत नव्हती, पण पोळ्या लाटता लाटता एखाद दिवशी म्हणायची, "दाजींच्या जेवनाचं कसं होत असन वं ताई?" म्हणजे, तू कधी जातेस? मी म्हणायची, "त्यांले स्वयंपाक येते." हेही खरं होतं. चाळिशी ओलांडलेली बाई माहेरी पाहुणी म्हणून किती दिवस शोभते, हे तिलाही ठाऊक आणि मलाही ठाऊक.

मग एका दुपारी हे आले. गल्लीच्या तोंडाशी मी त्यांना ओळखलं आणि धावत आत जाऊन साडी बदलली. आता सांगायला लाज वाटते, पण बदलली. वहिनीने पोहे टाकले, दादाने कामावरून लवकर घरी यायचा निरोप धाडला. सगळ्या घराला वाटलं, न्यायला आले. हे बसले, पाणी प्याले आणि बरोबर आणलेलं मोठं गाठोडं सोडलं. आत मांजरपाटाचं कापड होतं, जाड, मळलेलं, जागोजागी फाटलेलं.

"फुली हाय," हे म्हणाले. "वाऱ्यानं फाटली. मशीन तं तू इकडं आनली."

मी पदर खोचला आणि कापड गल्लीत पसरलं. गिरणीपासून किराणा दुकानापर्यंत एक पट्टी, आणि तिला छेद देणारी दुसरी. शेजारीपाजारी विचारायला लागले, मंडप आहे का, कोणाचं लग्न आहे?

"एवढी मोठी फुली कशाले लागते?" मी विचारलं.

"सांधे भरून राह्यलो ना. पट्टी बंद हाय. वरून कोनी आलं तं त्याले समजलं पाह्यजे, का इथं उतराचं नाई."

"तिथं येतेच कोन?"

ह्यांनी वाकून कापडाची एक सुरकुती हाताने सारखी केली. मग म्हणाले, "नियम हाय."

मी शिवून दिली. दुहेरी टीप मारून दिली. हे कापडाचं एक टोक धरून सुरकुत्या पडू नयेत म्हणून समोर बसले होते, मी मशीन चालवत होते. आमच्या मध्ये ते सगळं पांढरं कापड. विचारायची ती वेळ होती. ह्यांनीही विचारलं नाही, मीही नाही. पोहे खाऊन, गाठोडं उचलून हे चारच्या सुमाराच्या बसने गेले. जाताना "येतो" म्हणाले, मी "येजा" म्हटलं. वहिनी त्या संध्याकाळी माझ्याशी फार गोड वागली आणि त्याचाच मला जास्त राग आला.

माणूस एकटा कशाने पडतो, ह्यावर मी अजून विचार करते. दुकानात काज-बटणं करताना विचाराला वेळच वेळ असतो. मला वाटायचं, माळामुळे. मग वाटलं, मूल गेल्यामुळे. आता वाटतं, आपल्याशी बोलणारा माणूस आपल्यासमोर बसून दुसऱ्याच कोणासाठी बोलत असतो, तेव्हा सगळ्यांत जास्त. हे वाईट नव्हते. लबाड तर मुळीच नव्हते. त्यांची नजर फरशीवर वाकलेली होती आणि काम वर असलेल्या कोणासाठी होतं. मधल्या उंचीवर मी उभी होते, हातात चहाचा कप घेऊन. त्या उंचीवर बघायचं त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

दिवाळी आठवड्यावर आली होती. मी एका काळ्या अस्तराच्या कापडावर माप टाकत होते. हे पुन्हा दारात उभे. या वेळी हातात काही नव्हतं. मी साडी बदलली नाही. उठलेही नाही.

"फुली पुन्हा फाटली का?" मी विचारलं.

"नाई. पट्टी चालू झाली." हे मशीनच्या बाजूला, खाली सतरंजीवरच बसले. "काल तपासनी झाली. हेलिकॉप्टर आलतं. साहेब म्हन्ले, चलो, अपनी लाइन ऊपर से देखो. मले बसवलं."

मी टेप खाली ठेवली. इतक्या वर्षांत हा माणूस जमिनीवरून हातभर वर गेला नव्हता.

"मंग? रेघ सरळ हाय का?"

"सरळ हाय," हे म्हणाले. पण त्या आवाजात आनंद नव्हता. "आकडे बी वाचता येते. लय साफ दिसते सगळं." मग म्हणाले, "साहेबानं खाली बोट दाखवलं. म्हन्ले, वो कोने में क्या है? मी पाह्यलं. म्हन्लं, पंपहाउस होगा, साब."

पुढे काय ते मला समजत नव्हतं.

"संध्याकाळी घरी आलो. कुलूप काढून राह्यलो होतो, तं हातातच राह्यलं कुलूप. त्या कोपऱ्यात पंपहाउस नाई, सुनंदा. पंपहाउस तं फाटकापाशी हाय."

माझ्या हातातला खडू त्यांनी काढून घेतला. काळ्या अस्तरावर, पट्टी न लावता, एक लांब सरळ रेघ ओढली. तिला समांतर दुसरी. धावपट्टी. मग पार दूर, कापडाच्या काठापाशी, नखाएवढा एक चौकोन काढला.

"एवढंसं दिसते. बाजूले कोनी नाई, काई नाई. मी रेघाच पाहून राह्यलो होतो. आपलं घर मीच ओयखलं नाई." त्यांनी खडू खाली ठेवला. "तू तिथं कशी राह्यली वं इतके वर्षं?"

ह्या एका प्रश्नासाठी मी किती उत्तरं तयार करून ठेवली होती! सगळी कडू, सगळी घोटून घोटून धार लावलेली. आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"हे पाह्याले तुमाले आभायात जा लागलं?"

"हो," हे म्हणाले. मान वर करून, माझ्याकडे बघून.

त्यांनी 'चाल' म्हटलं नाही. मी 'येते' म्हटलं नाही. दिवाळीनंतर हे कारंज्यात खोली बघून राहायला आले आणि रोज बसने जाऊ-येऊ लागले. क्वार्टरात आता रंगाचे डबे असतात. फक्त ह्या दिवसांत, रेघा मारायचं काम सकाळी लवकर धरावं लागतं म्हणून, ह्यांचा मुक्काम तिकडेच पडतो. तेवढे दिवस मी इथे एकटी आणि हे त्या माळावर एकटे. संध्याकाळी फोन येतो. आधी विचारतात, आज दुकानात कोण आलं होतं. मी सांगते. उलट्या बाहीचंही सांगितलं. मग रेघांचं सांगतात. फोन ठेवला की रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज पुन्हा घरभर पसरतो, आणि मला कबूल केलं पाहिजे, तो पुरत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी वहिनी आत चहा गाळत होती आणि आम्ही दोघं काळ्या कापडावरच्या त्या चौकोनाकडे बघत बसलो होतो. हे म्हणाले, "साहेबाले खोटं सांगतलं मी. मानसाच्या घराले पंपहाउस म्हन्लं."

"खोटं कसं?" मी म्हटलं. "तुमी वर होते, मी इथं होती. त्या घरात होतं कोन?"